मीठवाटेवरचं फाटक

ते ओरडणं आधी बंद कर, कॉनर. दिवसा काय घसा फाडायचाय तो फाड. गाडीच्या खिडकीतून डोकं काढायचं, वळण आलं की 'भरलेला की रिकामा?' म्हणून केकाटायचं आणि पोरी हसल्या की स्वतःवरच खूश व्हायचं. तुझ्या वयात आम्हीही तेच केलं. पण अंधार पडल्यावर नाही. आणि मीठवाटेच्या वळणावर तर मुळीच नाही.

हस, हस. बिअर माझ्या पैशाची आहे तोवर हसून घे.

काय म्हणालीस, टॅमसिन? का नाही? तुला घरी कोणी सांगितलं नाही? अगं, तुझी आई तर याच ब्रॅकहोपची. बरं, त्या शेगडीत एक लाकूड टाक आणि दार नीट लाव, वारा आत येतोय. सांगतो. आणि ही ऐकीव गोष्ट नाही. आल्बन पिअर्टच्या शेजारी माझी उभी हयात गेली. त्यानं हे मला एकदाच सांगितलं आणि नंतर पुन्हा कधी विषय काढू दिला नाही. तो होता तोवर मीही तोंड उघडलं नाही. आता गेला बिचारा. आता सांगायला हरकत नाही.

सात वर्षांपूर्वीची गोष्ट. नोव्हेंबरची अकरा तारीख, मार्टिनमसचा दिवस. आल्बनला आपल्या आत्याकडे मेंढ्यांच्या खाद्याची पोती पोचवायची होती. बस, काम एवढंच.

आल्बन कोळसा, खाद्य, गॅसचे सिलिंडर असलं सगळं घरोघर पोचवायचा. एक जुनी पिकअप आणि मागं एक ट्रेलर. माणूस सोन्यासारखा, पण आळसाला तोड नाही. आजचं काम उद्यावर आणि उद्याचं परमेश्वरावर. त्याची आत्या मेव्हिस नेमकी उलट. हाय रिग माहीत आहे ना, मीठवाटेचं शेवटचं घर? तिथं ती एकटी मेंढ्या पाळून राहायची. सत्तरी उलटलेली, गुडघे गेलेले, पण जीभ अशी की लोकर कातरावी. आल्बनला आईविना तिनंच वाढवला होता, त्यामुळे तिच्यापुढं त्याचं काही चालायचं नाही.

आता मेव्हिसच्या घराला वाट एकच. पलीकडून माळावरून वळसा आहे म्हणायला, पण मार्टिनमस ते ईस्टर तिथं ट्रॅक्टर रुततो. म्हणजे खाद्य वर जायचं तर मीठवाटेनं, कोकरं बाजाराला खाली यायची तर मीठवाटेनं. ती वाट बंद झाली की हाय रिग बंद. आणि त्याच वर्षी वसंतात थॉर्नलॉ हॉल लंडनच्या एका माणसानं विकत घेतला. वाट त्याच्या जमिनीतून जाते. त्यानं पहिलं काय केलं असेल, तर वळणावरच्या फाटकाला हे एवढं कुलूप ठोकलं.

वाईट वागला नाही हो! गोड बोलून ठोकलं. शेजारी चालणाऱ्यांसाठी छोटं फाटक ठेवलं, पाटी लावली. चाला, कुत्री आणा, फोटो काढा, आमची ना नाही. फक्त माल न्यायचा नाही.

मेव्हिस थेट हॉलवर गेली. तिथं कारभारी होता, लोमॅक्स नावाचा. माणूस वाईट नव्हता, ज्याचं मीठ खात होता त्याचं काम करत होता. मेव्हिस त्याला म्हणाली, "मेंढ्यांचं खाद्य काय मी खिशात घालून नेऊ?"

लोमॅक्स म्हणाला, "बाई, मालक हाय रिगला चांगली किंमत द्यायला तयार आहेत."

"तुझ्या मालकाला सांग," मेव्हिस म्हणाली, "मी विकाऊ नाही, आणि माझी मेंढी तर त्याहून नाही."

भांडण वाढलं, वकील आले. आणि मग जुनं प्रकरण वर आलं.

जुनं म्हणजे तट्टूवाल्यांचं. तेव्हा या खोऱ्यात गाडीरस्ता नव्हता. समुद्राकडून मीठ यायचं आणि डोंगरातून शिसं खाली जायचं, सगळं तट्टांच्या पाठीवर. पुढच्या तट्टाच्या गळ्यात घंटा, मागं बाकीची ओळीनं. दोन्हीकडं दगडी गडगे, वाट तेव्हा एका तट्टापुरती, आणि पुढं काय आहे ते वळणावर दिसत नाही. म्हणून हाक द्यायची: भरलेला की रिकामा? भरलेल्यानं 'भरलेला' म्हणायचं आणि बेधडक पुढं जायचं. रिकाम्यानं 'रिकामा' म्हणायचं आणि बाजूच्या खाचेत अंग चोरून उभं राहायचं. पाठीवर ओझं असलेलं जनावर थांबलं की पुन्हा चालायचं नाव घेत नाही, म्हणून हा नियम. आणि अंधारात, धुक्यात, बर्फात समोरचा तोंडानं म्हणेल तेच खरं धरायचं. खोटं बोलणाऱ्याबरोबर पुन्हा कोणी वाट चालत नसे.

तर त्या वेळच्या थॉर्नलॉच्या जमीनदाराच्या मनात आलं, ही तट्टं माझ्या जमिनीतून जातात, दर तट्टामागं मला वाटभाडं पाहिजे. तट्टूवाले म्हणाले, ही वाट तुझ्या पणज्याच्या आधीची आहे. खटला कोर्टात गेला, वर्षानुवर्षं चालला, आणि शेवटी तोड निघाली. दर साली मार्टिनमसच्या रात्री बारा वाजायच्या आत भरलेलं एक तरी ओझं फाटकातून पार गेलं, तर वाट लोकांची. एक साल चुकलं, की वाट जमीनदाराची, कायमची.

पहिल्याच सालची मार्टिनमसची रात्र. खोऱ्यात बर्फाचं वादळ. नेथन ह्यूइटसन नावाचा तट्टूवाला मिठाची तट्टं घेऊन फाटकाशी आला, तर फाटकाला साखळदंड. जमीनदाराच्या माणसांनी मुद्दाम घातलेला. साखळी तोडावी तर तुरुंग. मागं फिरून ओढ्याकडनं वळसा घ्यावा, तर वाट आपली नाही हे आपणच कबूल केलं. दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, जाऊ दे, जीव मोठा. पण इथली माणसं तुम्हाला माहीत आहेत. मोडतील पण वाकायची नाहीत. नेथन फाटकाच्या वरच्या दांडीवर हात ठेवून उभा राहिला. उघडतील, उघडतील, म्हणून उभाच राहिला.

सकाळी तसाच सापडला. उभा. हात दांडीवर. पोती फाटून मीठ बर्फात गेलेलं.

जमीनदाराचं म्हणणं, ओझं पार झालं नाही. पण सगळं खोरं त्याच्या दारात येऊन नुसतं उभं राहिलं, एक शब्द न बोलता, तेव्हा त्याची बोलायची हिंमत झाली नाही. त्या सालाचा विषय तसाच राहिला. पुढं दर वर्षी कोणी ना कोणी ओझं पार करत राहिलं. माझ्या लहानपणी तर ती गंमतच झाली होती. एक बटाट्याचं पोतं हातगाडीवर घालून फाटकातून न्यायचं आणि मग इथंच येऊन प्यायचं.

पण नेथनचं ओझं काही पार झालं नाही ते नाहीच.

वकिलांनी ही जुनी तोड उकरून काढली आणि ती अजून लागू आहे म्हणाले. लंडनच्या मालकालाही मान्य करावं लागलं. ठरलं असं की मार्टिनमसला संध्याकाळपासून बारापर्यंत लोमॅक्स कुलूप काढून ठेवील. त्या वेळात मेव्हिसचा माल पार झाला तर वाट राहिली. नाही झाला तर संपलं. आणि माल कोण नेणार? आल्बन.

दुपारीच आत्याचा फोन. "कधी निघतोयस?"

"चहा झाला की निघालोच, आत्या."

"तुझा चहा म्हणजे दुसरं जेवण असतं. बर्फ सुरू व्हायच्या आत नीघ."

"निघतो गं."

"आल्बन, बाराच्या आत. नंतर मी माझ्याच घरात पाहुणी. कळलं?"

"कळलं."

कळलं म्हणाला आणि शेकोटीपाशी पाय पसरून बसला. डोळा लागला. जाग आली तेव्हा बाहेर सगळं पांढरं. तेवढ्यात लोमॅक्सचा फोन. "मी या बर्फात येत नाही बाबा. फाटकाचं कुलूप काढलंय. पार जाताना पोत्यांचा फोटो काढून पाठव, मला तेवढं पुरे. सकाळी येईन कुलूप घालायला."

आणि इथं आमच्या आल्बनच्या डोक्यात शहाणपणा शिरला.

आदल्या हिवाळ्यात मीठवाटेच्या चढावर भरलेल्या ट्रेलरनं त्याची पिकअप मागं ओढली होती, पार गडग्यापर्यंत. थोडक्यात वाचला होता. ती भीती मनात होती, खोटं का सांगा. तो गोठ्यात गेला. रिकामी पोती घेतली आणि त्यात पेंढा कोंबला. तोंडं शिवली, ट्रेलरवर ओळीनं नीट रचली. लांबून पाहिलं तर खाद्याच्या पोत्यांसारखी पोती. उचलून पाहिलं तर उशी. खरं खाद्य राहिलं गोठ्यातच, बर्फ वितळल्यावर नेऊ म्हणून. फोटोत वजन थोडंच दिसतं?

मला सांगताना इथं तो थांबला होता. म्हणाला, "सेथ, त्या वेळी मला हसू आलं. मोठी अक्कल लढवली असं वाटलं."

तो निघाला. चॅपल मागं पडलं, पूल मागं पडला. हलका ट्रेलर चढावर पिसासारखा येत होता. वारा पडला होता आणि बर्फ सरळ खाली येत होतं, शांत. बाराला अजून बराच वेळ होता. वळण आलं. फाटक मिटलेलं होतं, पण कुलूप नव्हतं. ते फाटक तुम्ही पाहिलंय. जड आहे, आणि झुकलेलं आहे, त्यामुळे सोडलं की आपणहून मिटतं. म्हणून तर जुनी रीत आहे, जो उघडील त्यानं मागचं शेवटचं जनावर पार होईपर्यंत धरून ठेवायचं. आल्बन खाली उतरला. फाटक उघडलं, पायानं एक दगड सरकवून टेकू लावला.

गाडीचं इंजिन बंद पडलं.

दिवे पिवळे झाले. मग गेले.

तो शिव्या घालत गाडीपाशी आला. किल्ली फिरवली. काही नाही. पुन्हा फिरवली. नुसती टिक... टिक.

आणि मग त्याला कळलं, टिकटिक किल्लीची नाही.

घंटा होती. खालच्या बाजूला. पुलाकडं.

मेंढ्या असतील, त्याला वाटलं. पण मेंढीच्या घंटेला काही ताल नसतो. ही चालीवर वाजत होती. सावकाश. चढ चढत. घंटेमागं दोऱ्यांची कुरकुर, चामड्याची कुरकुर... आणि टापांचा आवाज नाही. बर्फ असलं तरी टापांचा आवाज होतो रे. दबका होतो, पण होतो.

नव्हता.

वळणाच्या अलीकडं घंटा थांबली. आणि हाक आली. तू मघाशी मारलीस ना, कॉनर, तीच. पण ओरडून नाही. थकलेल्या माणसानं शेजारून विचारावं तशी.

"भरलेला की रिकामा?"

आल्बननं किल्ली सोडली. त्याच्या मनात काय आलं असेल ते समजा. रिकामा म्हटलं तर बाजूला व्हायचं. गाडी बंद. बारा वाजणार. वाट गेली, हाय रिग गेलं, आत्या गेली. भरलेला म्हटलं तर पुढं जायचा मान आपला. एक शब्द तर आहे.

"भरलेला," तो म्हणाला.



मग आवाज आला, "मग हो पुढं. आम्ही थांबतो."

आल्बननं किल्ली फिरवली. गाडी ढिम्म. पुन्हा. पुन्हा. आरशात पाहायचं धाडस नव्हतं, तरी पाहिलं. आरशात बर्फ होतं, बाकी काही नाही. पण ट्रेलर हलला. जरासाच. कोणी हात ठेवावा तसा. आणि पोत्यावर थाप पडली.

खस...

पेंढा वाजला. दुसऱ्या पोत्यावर.

खस...

एकेक पोतं चाचपत होता कोणी. सगळी. शेवटचं झालं. मग सगळं गप्प. आल्बन डोळे मिटून बसला, आता काच फुटेल, आता दार उघडेल... काही झालं नाही. त्याला कोणी खोटारडा म्हटलं नाही. कोणी रागावलंसुद्धा नाही. नुसता तोच आवाज, आता अगदी खिडकीशी.

"थांबतो आम्ही. आम्हाला सवय आहे."

आणि आल्बन म्हणाला, सेथ, त्याहून भयंकर मी आयुष्यात काही ऐकलं नाही.

बर्फ पडत राहिलं. घंटा अधूनमधून वाजत होती, जनावर मान हलवतं तशी. पण प्रत्येक वेळी बारीक. बर्फ तिच्यात भरत चाललं होतं. एका तट्टानं फुरफुर केलं, त्याला धाप लागली होती. कोणीतरी त्याला चुचकारलं, हळूच. "उघडतील रे... उघडतील." मग तेही नाही. आणि आल्बनला एकदम उमगलं, आपण काय केलंय. हे फाटक सताड उघडं आहे. तरीही तो माणूस बाहेर बर्फात उभा आहे. का? तर आपण एक शब्द बोललो आणि त्यानं तो खरा मानला. नियमच तो. त्याला त्या रात्री साखळीनं मारलं होतं. आज मी मारतोय, माझ्या पेंढ्यानं.

भीती होतीच. पण भीतीपेक्षा लाज मोठी निघाली. तो दार उघडून खाली उतरला. मागं बघितलं नाही. डोळ्यांना पाण्याची धार लागलेली. म्हणाला...

"रिकामा."

 पुन्हा म्हणाला, मोठ्यानं.

"मी रिकामा आहे! पेंढा आहे नुसता. तुम्ही या."

आता बाजूला व्हायला हवं. तिथं गडग्यात जुनी खाच आहे, रिकाम्यांनी उभं राहायची, तट्टांची सगळी ओळ मावेल एवढी. गाडी आत घालायची तर हँडब्रेक सोडून उतारावर मागं सोडायची. मागं म्हणजे त्या आवाजाकडं. त्यानं सोडली. चाकं फिरली. गाडी मागं जात राहिली... जात राहिली... कशालाही लागली नाही. खाचेत बसली.

आल्बन फाटकापाशी गेला आणि दगडावर न विसंबता, जुन्या रीतीनं, दोन्ही हातांनी उघडं धरून उभा राहिला. मान खाली.

घंटा हलली.

आधी ऊब आली. ओल्या कातडीचा वास. घाम, डांबर, भिजलेलं गोणपाट. काहीतरी अंगाला घासून गेलं, पोट असावं जनावराचं. मग दुसरं. मग आणखी. दोऱ्या करकरत होत्या, ओझी डुलत होती. त्याच्या पायाशी बर्फ होतं तसंच, वर एक खूण उमटत नव्हती. घंटा फाटकाच्या आत गेली आणि तिचा आवाज मोकळा झाला.

शेवटी कोणीतरी चालत आलं. फाटकाशी थांबलं.

दांडीवर, आल्बनच्या हाताशेजारी, हात पडला.

खाली चॅपलचं घड्याळ बाराचे टोले द्यायला लागलं.

"धरून ठेव," तो म्हणाला.

आणि आत गेला.

टोले संपले तेव्हा वर चढावर घंटा वाजत होती. लांब... आणखी लांब... मग नाही.

हे लाकूड विझत आलं वाटतं. टाक गं दुसरं.

सकाळी लोमॅक्स आला, जीपनं. त्यानं पाहिलं तर फाटक सताड उघडं आणि आल्बन ते धरून उभा. खांद्यावर वीतभर बर्फ. भुवया पांढऱ्या. डोळे उघडे. लोमॅक्सला वाटलं, मेला. जिवंत होता, इतकंच. धरून ठेव म्हटलं होतं ना, सोड म्हणून कोणी म्हटलंच नव्हतं. हात दांडीवरून काढायला लोमॅक्सला एकेक बोट उचकटावं लागलं. त्यानं त्याला आपला कोट घातला, थर्मासमधला चहा पाजला. माणूस वाईट नव्हता, म्हटलं ना.

पण काम ते काम. तो ट्रेलरपाशी गेला आणि एक पोतं उचललं. एका हातानं आलं. सुरीनं चिरलं. पेंढा भसाभस बाहेर.

"हे काय, पिअर्ट?" लोमॅक्स म्हणाला. "आणि हेसुद्धा फाटकाच्या बाहेरच?"

"रिकामा होतो," आल्बन म्हणाला. "मी रिकामा होतो म्हणून सांगितलं त्याला."

"कोणाला?"

आल्बननं थर्मासचं झाकण त्याला परत दिलं.

"मला वाईट वाटतं," लोमॅक्स म्हणाला, आणि खरंच वाटत असावं. "पण संपलं हे. तुझ्या आत्याला तू सांगतोस की मी सांगू?"

सांगायची वेळच आली नाही. वरून मेव्हिस येत होती, काठी टेकत. आणि चालता चालता खाली बघत होती, सारखी खालीच.

"आल्बन!" ती वरूनच ओरडली. "रात्री माझ्या दाराशी काय ओतून गेलास रे? आणि गेलास तो गेलास, दार तरी वाजवायचंस! ऊन सूप ठेवलं होतं."

लोमॅक्स वळला. आणि तेव्हा त्यानं वाट पाहिली.

सगळीकडं गुडघाभर बर्फ. गडग्यावर, माळावर, वाटेवर. टाप नाही, चाक नाही, पाऊल नाही. पण फाटकाच्या उंबऱ्यापासून वर, वाटेच्या मधोमध, हातभर रुंद काळी पट्टी गेलेली. तेवढंच बर्फ वितळलेलं. खाली ओली माती. फाटक्या पोत्यातून सांडत जावं तशी कुठं बारीक, कुठं जाड, वळणावर वळलेली. मेव्हिस तिच्याच कडेनं चालत खाली आली होती. म्हणाली, थेट माझ्या दारापर्यंत आहे.

लोमॅक्स खाली बसला. पट्टीवरचे करडे खडे बोटानं उचलले. बघितले. जिभेला लावले.

 मग उठला, खिशातलं कुलूप काढलं, किल्लीसकट, आणि मेव्हिसच्या हातात दिलं. त्या दिवशी त्यानं मालकाला फोन केला तेव्हा मेव्हिस शेजारीच उभी होती.

"माल पार झाला, साहेब," लोमॅक्स म्हणाला. "बाराच्या आत. हो, मी साक्षीला उभा राहीन. काय माल?" आणि त्यानं मेव्हिसकडं पाहिलं. "मीठ."

नाताळच्या आधी त्यानं नोकरी सोडली. फाटकाला पुन्हा कुलूप लागलं नाही. मेव्हिस वारली तीही हाय रिगलाच, आपल्या पलंगावर, आपल्या घरात. आणि आल्बननं पुढं कधी कोणाच्या पोत्यात एक मूठ कमी घातली नाही. वळणावरून जाताना मात्र गाडी थांबवायचा, खाली उतरायचा, आणि जे असेल ते खरं सांगून मग पुढं जायचा. लोक हसायचे. हसू देत.

पुरावा मागू नकोस, कॉनर, तुझ्या तोंडावर दिसतोय तो प्रश्न. आज तारीख काय? दहा नोव्हेंबर. उद्या दुपारी जा वर. सात पावसाळे झाले त्या रात्रीला, एवढ्यात तर समुद्राचं मीठसुद्धा धुऊन निघेल. पण उद्या हाय रिगच्या मेंढ्या तुला माळावर दिसायच्या नाहीत. फाटकापासून मेव्हिसच्या दारापर्यंत वाटेच्या मधोमध उभ्या असतील, एकीमागं एक, माना खाली घालून, जमीन चाटत.